अनुभव धागा: ‘थांब’ म्हटल्यावर नेमके काय करायचे?

‘थांबणे’ या क्रियापदाचा कोशातला पहिला अर्थ गती बंद होणे असा असला, तरी रोजच्या बोलण्यात त्या अर्थाने ते फार थोड्या वेळा येते, असे माझे निरीक्षण आहे. ‘थांब, मीही येते’ यात वाट पाहण्याची विनंती असते, ‘आज थांबा, उद्या सकाळच्या गाडीने जा’ यात मुक्कामाचा आग्रह असतो, ‘थांब, येऊ देत तुझ्या बाबांना’ ही सरळ धमकी असते, आणि ‘थांब थांब, आठवलं!’ यात तर समोरच्याने काहीच करायचे नसते. बोलणारा स्वतःच्या स्मरणशक्तीसाठी दोन क्षण मागून घेत असतो. संस्कृतातल्या ‘स्तम्भ्’ धातूपासून प्राकृतातले ‘थंभ’ आणि त्यापासून आपले ‘थांबणे’ आले. म्हणजे मुळात अर्थ होता ताठ, अचल उभे राहण्याचा. पुण्यात तो अर्थ आता वाहतूक पोलिसांपुरता उरला आहे, आणि त्यांनाही त्यासाठी शिट्टी वाजवावी लागते.

या धाग्यात व्याख्या नकोत, त्या कोशात मिळतात. तुमच्या घरात, कामाच्या ठिकाणी, खेळात किंवा प्रवासात थांबण्यासाठी कोणता शब्द वापरला जातो, त्याचा खेळकर उपयोग कसा होतो आणि तो कोणी कोणाला म्हटलेला चालतो, एवढे लिहावे. माणसांची नावे न देता व्यवसाय किंवा परिसर सांगितला तरी पुरे.

निवृत्त वाहक, स्वारगेट

माझी नोकरी पीएमटीत, आणि २००७ मध्ये पुण्याची पीएमटी व पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र झाल्यानंतर पीएमपीएमएलमध्ये झाली. थांबणे हा आमच्या कामाचा निम्मा भाग असूनही चालत्या गाडीत तो शब्द आम्ही सहसा तोंडाने उच्चारत नसू, कारण ते काम घंटीकडे होते: एक टोला म्हणजे थांबा आणि दोन टोले म्हणजे चला. गर्दीत वाहक मागच्या दारापाशी अडकलेला आणि चालक पुढे, अशा वेळी हाक पोहोचत नाही, टोला पोहोचतो. यातूनच आमची बोली तयार झाली. कँटीनमध्ये एखादा सहकारी आपल्या रजेची कहाणी पाल्हाळाने सांगू लागला, की मागून कोणीतरी पेल्यावर चमचा एकदाच वाजवायचा, आणि तेवढ्याने ती कहाणी हशात बुडायची. ‘त्याला सिंगल द्या’ म्हणजे त्याला गप्प करा, आणि ‘त्याने डबल दिली’ म्हणजे तो केव्हाच निघून गेला.

काही पाट्यांवर ‘विनंती थांबा’ असे लिहिलेले असे. कोणी हात केला किंवा कोणाला उतरायचे असले तरच तिथे गाडी उभी करायची, हा त्याचा अर्थ. ज्याच्याकडून मागितल्याशिवाय कधी चहा मिळत नसे अशा एका सहकाऱ्याचे नाव आम्ही ‘विनंती थांबा’ ठेवले होते, आणि त्यालाही ते मनापासून आवडत असे.

आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. पाटीवर ‘थांबा’ असले तरी ‘पुढच्या थांब्यावर उतरायचे आहे’ असे म्हणणारा प्रवासी मला भेटल्याचे आठवत नाही. उतरायचे असते ते ‘स्टॉपला’. क्रियापद मात्र मराठीच राहिले आहे: ‘मास्तर, स्टॉपला जरा थांबवा.’

गृहिणी, सिंहगड रस्ता

वाहकांचे वाचून आमच्या घरातला एक शब्द आठवला. एसटीच्या काही गाड्यांवर ‘विनावाहक विनाथांबा’ अशी पाटी असते. वाहक स्थानकातच सर्वांना तिकिटे देऊन उतरतो आणि गाडी वाटेत कुठे न थांबता थेट मुक्कामी जाते. माझ्या सासरी एक आत्या बोलायला लागल्या की श्वास कधी घेतात हे कळत नसे, म्हणून त्यांना प्रथम ‘विनाथांबा’ हे विशेषण मिळाले. त्यांचे यजमान शेजारी बसून नुसते हसत असत, म्हणजे घंटी वाजवणारे कोणीच नाही, हे दिरांच्या लक्षात आल्यावर पाटी पूर्ण झाली. आता पुढच्या पिढीत कोणाचाही फोन लांबला की मुले खोलीत डोकावून ‘विनावाहक का?’ एवढेच विचारतात.

बँक कर्मचारी, सदाशिव पेठ (माहेर कोल्हापूर)

माझ्या माहेरी पाहुणा उठू लागला की ‘थांबा की ओ, कुठं निघालासा?’ असे म्हणण्याची रीत आहे. हे ‘थांबा’ पहिल्यांदा म्हटले जाते तेव्हा पाहुण्याने ‘नको, निघतो’ म्हणायचे, दुसऱ्यांदा पिशवी खाली ठेवायची आणि तिसऱ्यांदा बसायचे, हा अलिखित क्रम सर्वांना ठाऊक असतो. लग्नानंतर पुण्यात आले तेव्हा सासूबाईंनी दुपारी आलेल्या पाहुण्यांना ‘जेवायला थांबताय ना?’ असे एकदाच विचारले, पाहुणे ‘नाही, निघतो’ म्हणाले आणि खरोखरच निघाले. मी अवघडून गेले होते, पण त्या दोघांच्याही चेहऱ्यावर काही कमी पडल्याची खूण नव्हती.

पुण्याच्या आतिथ्यावर पुरेसे विनोद झाले आहेत, त्यात भर घालण्याचा माझा हेतू नाही. उलट आता इतक्या वर्षांनी मला वाटते की सासूबाईंचे ‘थांबताय ना?’ हा खरा प्रश्न असतो आणि त्याचे खरे उत्तर अपेक्षित असते. ‘हो’ म्हटले तर त्या कणीक भिजवायला उठतात आणि पाहुण्याला पोटभर वाढतात. माहेरचे ‘थांबा की’ हा प्रश्न नव्हेच, तो एक विधी आहे. गोंधळ होतो तो दोन्ही पद्धतींचे लोक एकत्र आल्यावर. माझे काका पुण्यात आले की दुसऱ्या ‘थांबा’ची वाट पाहत चपला घालण्यात बराच वेळ घालवतात आणि सासूबाईंना वाटते की त्यांना गुडघ्याचा त्रास आहे. दोन्ही घरांत समान असलेले ‘थांब’ एकच: मुलांना उद्देशून, अनुस्वारावर जोर देऊन आणि पुढचे वाक्य न उच्चारता म्हटलेले.

विद्यार्थिनी, कर्वे रस्ता

६ मार्च २०२२ रोजी वनाझ ते गरवारे महाविद्यालय हा मेट्रोचा टप्पा सुरू झाला तेव्हापासून मी त्याने ये-जा करते. त्या मार्गावर ‘पुढील स्थानक नळ स्टॉप’ ही घोषणा रोज ऐकताना मला मजा वाटते. रस्त्याकडेच्या नळाजवळ बस थांबत असे म्हणून त्या बसथांब्याला ‘नळ स्टॉप’ म्हणू लागले, थांब्याचे नाव चौकाला मिळाले, चौकाचे परिसराला आणि परिसराचे मेट्रोच्या स्थानकाला. आमच्या वर्गातल्या परगावच्या मुलींना ‘नळ स्टॉपला थांब’ असा निरोप दिला की त्या बसथांबा शोधतात, तर आम्हाला तो अख्खा चौक, त्यावरचा उड्डाणपूल आणि आजूबाजूची चहाची दुकाने असे सगळे मिळून अभिप्रेत असते. आमच्या मैत्रिणींत ‘तिचा नळ स्टॉप झाला’ असा वाक्प्रचार आहे: भेटायचे ठरले, दोघीही वेळेवर पोहोचल्या, पण चौकाच्या दोन वेगवेगळ्या टोकांना एकमेकींची वाट पाहत उभ्या राहिल्या.

धागा सुरू करणारी

‘थांबा’ या नामाबद्दल दोघांनी लिहिले आहे, म्हणून मध्येच माझे मत मांडते. हा शब्द पाट्यांनी जिंकला आणि बोलण्याने हरवला, असे मला वाटते. तो वाईट मुळीच नाही, उलट ‘झरणे’पासून ‘झरा’ व्हावा तितक्या सहजपणे ‘थांबणे’पासून तयार झाला आहे. त्याची अडचण एवढीच, की आज्ञार्थ आणि नाम यांचे रूप एकच आहे. लहान मुले अक्षरे जुळवून वाचायला शिकतात तेव्हा ‘बस थांबा’ ही पाटी ‘बस! थांबा!’ अशी वाचतात आणि खरोखरच तिथे उभी राहतात. ‘स्टॉप’ शब्दाला इंग्रजीत हीच अडचण आहे, पण मराठीत येताना तो फक्त नाम म्हणून आला, म्हणून इथे त्याचे बस्तान चांगले बसले.

मुद्रितशोधक, अप्पा बळवंत चौकाजवळ

आमच्या व्यवसायात थांबण्याला ‘विराम’ म्हणतात आणि त्याच्या पायऱ्या असतात: स्वल्प, अर्ध, अपूर्ण आणि पूर्ण. जुन्या मोडी कागदांत ओळभर अक्षरे सलग चालत असत आणि कुठे थांबायचे ते वाचणाऱ्याने समजुतीने ठरवायचे असे. पोथ्यांत दंड होते, पण आजची विरामचिन्हे मराठीत आली ती एकोणिसाव्या शतकात छापील पुस्तकांबरोबर. त्यांचा पहिला पद्धतशीर पुरस्कार केला तो मेजर थॉमस कँडी यांनी. मोल्सवर्थ यांच्या कोशाच्या कामातले हे साहाय्यक पुढे पुण्यातल्या संस्कृत पाठशाळेवर होते आणि त्यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० मधले आहे. मराठी माणसाने वाक्यात कुठे थांबावे हे एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने पुण्यात बसून ठरवले, याचे काही लेखकांना वाईट वाटते. मला वाटत नाही, कारण कँडींचे न ऐकणारे लेखक मी रोज तपासतो.

आमच्या कचेरीतली बोली यातूनच आली आहे. एखाद्या हस्तलिखितात वाक्य पानभर चालले आणि क्रियापदाचा पत्ता लागेना, की समासात ‘मे. कँ.’ अशी खूण केली जाते, म्हणजे ‘मेजर कँडींना बोलवा’. तोंडी भाषेत ‘स्वल्प घेऊन येतो’ म्हणजे चहाला जातो, ‘अर्ध’ म्हणजे जेवणाची सुटी. एका तरुण सहकाऱ्याचे लग्न ठरता ठरता राहिले तेव्हा त्याने स्वतःच ‘पूर्ण नाही, अपूर्णविराम आहे’ असे सांगितले होते. अपूर्णविराम म्हणजे ती दोन टिंबे, ज्यांच्यापुढे काहीतरी यायचे असते.

वर्तमानपत्रांनी ‘चर्चेला पूर्णविराम मिळाला’ हे वाक्य इतके झिजवले आहे, की तसे छापून आले म्हणजे चर्चा अजून चालू आहे असे आम्ही धरतो.

वारकरी कुटुंबातील, भवानी पेठ

आमच्या घराजवळच्या पालखी विठोबा मंदिरात ज्ञानेश्वर माउलींची पालखी उतरते आणि नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात तुकोबांची. या दिवसांत आमच्या पेठेत ‘पालखी थांबली’ असे कोणी म्हणत नाही. वाटेत थोडा वेळ टेकली तर ती ‘विसावली’, जेवणापुरती उतरली तर ‘दुपारचा विसावा’ आणि रात्री उतरली तर ‘मुक्काम’. आमच्या आजीसमोर मी लहानपणी ‘माउली थांबली’ म्हटले, तेव्हा तिने ‘गाडी थांबते रे, माउली विसावते’ असे सांगितले होते. मला हा निव्वळ आदरार्थी शब्दांचा प्रश्न वाटत नाही. थांबण्यात पुढे जाणे बंद होते. विसाव्यात पुढे जाणे गृहीतच असते, फक्त अंगातला शीण उतरवायचा असतो.

पण वारीतले खरे थांबणे पाहायचे असेल तर माउलींच्या सोहळ्यात संध्याकाळी तळावर होणाऱ्या समाजआरतीला जावे. पुण्यातून पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते तेव्हा मी काही वेळा बरोबर गेलो आहे. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोळा होतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात आणि शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप उंच करतात आणि तो सगळा आवाज बंद होतो. कोणीही ‘थांबा’ म्हणत नाही, ध्वनिक्षेपकाची गरज पडत नाही.

आणि याहूनही विलक्षण गोष्ट अशी, की ज्या दिंडीची काही तक्रार असते ती दिंडी तेव्हा टाळ थांबवत नाही. सगळीकडे शांतता असताना एका कोपऱ्यातून टाळ ऐकू येत राहिले, की चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, आणि त्याचा निवाडा झाल्यावर किंवा तसा शब्द मिळाल्यावर ते टाळ बंद होतात. पाण्याचा टँकर आला नाही, तंबूची जागा बदलली, क्रमात कोणी मध्ये घुसले, अशा स्वरूपाच्या तक्रारी असतात. जिथे सगळे थांबतात तिथे न थांबणे हाच अर्ज, हे मला अतिशय सुसंस्कृत वाटते. आमच्या एकत्र कुटुंबात ही रीत आम्ही विनोदाने उचलली आहे. आजोबा जेवणाच्या आधी श्लोकासाठी हात वर करतात, तेव्हा ज्याला काही तक्रार असेल तो ताटावर वाटी वाजवत राहतो. गेल्या उन्हाळ्यात धाकट्या चुलतभावाने आंब्याच्या वाटपाबद्दल बराच वेळ वाटी वाजवली, आणि निवाडा त्याच्या बाजूने झाला.

पदव्युत्तर विद्यार्थी, फर्ग्युसन रस्ता

आमच्या पिढीचा थांबण्याचा शब्द ‘आवरा’ आहे, आणि तो ‘थांबा’पेक्षा पुष्कळ अधिक कामाचा आहे असे माझे ठाम मत आहे. मित्राने स्वतःची कविता वाचायला घेतली, पुढाऱ्याने फलकावर स्वतःचे बारा फोटो छापले, मालिकेतली सून तिसऱ्यांदा स्मृती हरवून बसली, की ‘आवरा!’ एवढा एकच शब्द पुरतो. तो कोणाला उद्देशून असतो हे व्याकरणाला सांगता येणार नाही. ‘याला कोणीतरी आवरा’ या वाक्याचे ते टोक आहे. आवरणारा कोणी येणार नाही हे सर्वांना ठाऊक असते आणि गंमत त्यातच आहे.

पण घरी गेलो की हाच शब्द उलट्या दिशेने धावतो. आई सकाळी ‘आवर!’ म्हणते तेव्हा ती मला थांबायला नव्हे, घाई करायला सांगत असते, ‘आवरलं का?’ म्हणजे अंघोळ, कपडे, नाश्ता सारे उरकले का. स्वयंपाकघर आवरणे, पसारा आवरणे, हसू आवरणे, घोड्याचा लगाम आवरणे, बोलणे आवरते घेणे, या सगळ्यांत पसरलेले काहीतरी गोळा करून ताब्यात आणणे हा समान धागा आहे. त्यामुळे एकाच शब्दाने मित्र मला थांबवतात आणि आई मला पळवते. एकदा माझा मावसभाऊ घरातल्या गटावर अखंड शुभेच्छा पाठवत होता म्हणून मी ‘आवरा’ असे लिहिले, तर मावशीने ‘आम्ही केव्हाच आवरून बसलोय, तुम्हीच निघा’ असे उत्तर दिले.

‘बास’ हा शब्दही आमच्याकडे चालतो, पण तो वाढण्यासाठी आणि भांडण्यासाठी. ताटावर आडवा हात धरून ‘बास बास’ म्हटले तर आणखी एक पोळी येते. हात न धरता एकदाच ‘बास’ म्हटले तर खोलीत शांतता पसरते.

वाहनचालन प्रशिक्षक, हडपसर

थोडक्यात लिहितो. शिकणाऱ्याला ‘थांबा’ म्हटले तर तो आधी माझ्याकडे बघतो आणि मग ब्रेककडे. ‘ब्रेक’ म्हटले तर पाय आधी हलतो. म्हणून आम्ही ‘थांबा’ हा शब्द फक्त गाडी बाजूला लावल्यानंतर, ‘थांबा, उतरू नका, आधी मागचा आरसा बघा’ अशा वाक्यासाठी राखून ठेवला आहे.

संगणक अभियंता, हिंजवडी

वाड्याच्या अंगणात खेळताना आमच्याकडे थांबण्याचे तीन कायदे होते. ‘विष-अमृत’ खेळात ज्याच्यावर राज्य असेल त्याने हात लावून ‘विष’ म्हटले की जागच्या जागी उभे राहायचे, आणि दुसऱ्या कोणी ‘अमृत’ देईपर्यंत हलायचे नाही. ‘स्टॅच्यू’मध्ये ज्या अवस्थेत असू त्या अवस्थेत गोठायचे, मग तोंडात घास असो की एक पाय हवेत, आणि सुटका करण्याचा अधिकार फक्त ‘स्टॅच्यू’ म्हणणाऱ्याला. या दोन्हींत दुसरा तुम्हाला थांबवतो. तिसरा शब्द ‘टाइमप्लीज’, आणि तो सर्वांत थोर, कारण त्यात थांबणारा स्वतः तो उच्चारतो आणि जग थांबते. चपलेचा अंगठा तुटला, पाणी प्यायचे आहे, आईने हाक मारली, काहीही कारण चालत असे, आणि शब्द उच्चारलेला असताना कोणी बाद केले तर सगळी मुले त्याच्यावर तुटून पडत. पकडले जाण्याच्या क्षणीच ‘टाइमप्लीज’ म्हणणाऱ्यांवर मात्र ‘रड्या’ असा शिक्का बसे.

आता आमच्या कामाच्या बैठकांत हा शब्द परत आला आहे. ग्राहकाने अवघड प्रश्न विचारला की आवाज बंद करून कोणीतरी ‘टाइमप्लीज’ म्हणते, आणि बाकीचे त्याला आकडे शोधायला अवधी देतात. पाणी प्यायला उठणे, मुलाला शाळेच्या बसमधून उतरवून घेणे, दार उघडायला जाणे, सगळ्याला आम्ही ‘टाइमप्लीज घेणे’ म्हणतो, आणि जो प्रत्येक अवघड प्रश्नाला तो घेतो त्याला अजूनही ‘रड्या’च म्हणतो. आमच्या गटातल्या तमिळ आणि बंगाली सहकाऱ्यांनीही हा शब्द उचलला. त्यांतल्या एकीने तो ‘टाम्प्लीस’ असा ऐकला, मराठीच समजून लिहून ठेवला, आणि त्याचा इंग्रजीत नेमका अर्थ काय होतो, असे मला विचारले.